दाते खाली, हात मोकळे

शिलाई मशीनवर सुई जिथे खाली उतरते, तिथली चकचकीत पट्टी एकदा जवळून बघा. तिच्या फटींतून करवतीसारखे बारीक दाते वर आलेले दिसतील. चाक फिरलं की हे दाते वर येतात, कापड एका टाक्याइतकं मागे ढकलतात, खाली बसतात आणि पट्टीच्या आतूनच पुन्हा पुढे येतात. वर, मागे, खाली, पुढे. ॲलन विल्सन या अमेरिकी कारागिराने १८५४ साली या चार हालचालींचं पेटंट घेतलं आणि आजही आपल्या घरातलं मशीन त्याच रीतीने कापड ओढतं. आपले हात कापडावर असतात ते दिशा धरायला. ओढायचं काम दात्यांचं.

या प्रकरणात ते दाते आपण खाली घेणार आहोत.

दाते खाली गेले की कापड जागचं हलत नाही. सुई एकाच भोकात वरखाली करत राहते. कापड हलवायचं ते आता हातांनी: पुढे, मागे, आडवं, तिरकं, गोल. हात नेतील तिकडे टीप जाते. कापडाचे दोन-तीन थर एकत्र धरून त्यावर अशी फिरती टीप घालायच्या कामाला जगभर फ्री-मोशन क्विल्टिंग म्हणतात. शिकवताना मी साधं ‘मोकळी टीप’ म्हणते आणि इथेही तसंच म्हणणार आहे.

हे काही तरी परदेशी प्रकरण आहे असं वाटून घाबरू नका. ब्लाउजच्या बाहीवर मशीनने भरतकाम करणाऱ्या बायका गावोगाव आहेत. त्या मशीनचा पाय काढून ठेवतात, दाते खाली करतात, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवतात आणि रिंग फिरवत फिरवत पानंफुलं भरतात. तीच ही कला. फरक इतकाच, की तिथे एका थरावर नक्षी भरायची असते आणि इथे तीन थर एकमेकांना जन्मभरासाठी बांधायचे असतात. मला मोकळ्या टिपेचा पहिला धडा मिळाला तो पुलाची शिरोलीतल्या आमच्या गल्लीतल्या अशाच एका भरतकाम करणाऱ्या काकींकडून. माझं मशीन बघून त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं, “आधी दात पाड खाली, मग बस.”

कोल्हापुरात गोधडीला वाकळ म्हणतात. माझी आजी वाकळ घालायला बसायची ती सुगी आटोपल्यावर. सोप्यात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतर, त्यावर फाटकी चादर, वर पुन्हा धडधाकट लुगडं. चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, पाण्याचा तांब्या असं काही तरी जड ठेवून सगळं ताणून घ्यायचं. मग काठापासून धावदोरा सुरू. काठाला समांतर एक फेरा, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं आत आत येत शेवटी मध्यावर गाठ. मोजपट्टी नाही, खडूची रेघ नाही. शेजारपाजारच्या दोघी-तिघी चारी बाजूंनी बसायच्या आणि प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू यायचा. आजीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा. शेजारणीचा लांब आणि घाईचा.

आजी कापड ओढत नव्हती. कापड जमिनीवर स्थिर होतं आणि तिचा हात त्यावर मोकळा फिरत होता. मशीन घरात आलं तेव्हा वेग मिळाला, पण हाताची ही मोकळीक गेली, कारण दात्यांना सरळ रेषेशिवाय दुसरं काही येत नाही. म्हणून मशीनवर शिवलेली बाजारची गोधडी चौकटी-चौकटीचीच दिसते. मोकळ्या टिपेत मशीनचा वेग राहतो आणि आजीच्या हाताची मुभाही परत मिळते. मला या कामाचं वेड लागलं ते यामुळे.

यंत्रांबद्दल कडक मतं असलेल्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला आपल्या टीकेतून वगळलं होतं. यंत्राने माणसाचे अवयव निकामी करू नयेत, ही त्यांची अट होती. दाते खाली घेतलेलं मशीन त्या अटीत पुरेपूर बसतं. इथे यंत्र फक्त टाका बांधतं, तो कुठे बांधायचा हे हात ठरवतात.

आता शिरोलीकडे वळू. पुणे-बंगळूर महामार्गावर, पंचगंगेच्या अलीकडे, हातकणंगले तालुक्यात ही औद्योगिक वसाहत पसरली आहे. शिरोली एमआयडीसी म्हटलं की फौंड्री आणि मशीन शॉप. भट्टीत लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालेलं कास्टिंग साफ करून लेथवर, मिलिंगवर घासून नेमक्या मापाला आणायचं. कोल्हापूरची ही विद्या जुनी आहे. ऊस गाळायचे चरक आणि शेतीची ऑइल इंजिनं इथल्याच कारागिरांनी घडवली आणि त्यातून पुढे वाहनांच्या सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. अशा गावात राहून शिवणकाम शिकण्याचा एक मोठा फायदा मला झाला. मोकळ्या टिपेतली सगळ्यात अवघड गोष्ट मला एका टर्नरने समजावली. तो टर्नर म्हणजे माझा धाकटा भाऊ.

झालं असं, की माझे टाके एकसारखे येईनात. एका ठिकाणी मुंगीएवढे बारीक, दोन बोटं पुढे गेलं की लांबच लांब. दोऱ्याचा दोष म्हणून दोरा बदलला, सुई बदलली. भाऊ दुसऱ्या पाळीहून आला होता. त्याने कापड उजेडात धरून बघितलं.

“आक्का, ह्यात दोऱ्याचा काय संबंध? तुझा फीड हलतोय.”

“म्हणजे?”

“जॉब एक फेरा फिरला की हत्यार किती सरकलं, त्याला आम्ही फीड म्हणतो. तो एकसारखा नसला की जॉबवर रेघा उमटतात. तुझं चाक एक फेरा फिरलं की एक टाका पडतो. तेवढ्यात कापड किती सरकलं, तोच तुझा टाका. पाय म्हणजे स्पीड, हात म्हणजे फीड.”

यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मी कुठेही वाचलेलं नाही. हिशेब करून बघा. समजा पायडलवर तुम्ही सावकाश, मिनिटाला ३०० टाक्यांच्या वेगाने मशीन चालवताय. म्हणजे सेकंदाला ५ टाके. टाका अडीच मिलिमीटरचा हवा असेल, तर हाताने सेकंदाला साडेबारा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा इंच कापड सरकवायला हवं. मोटार लावून वेग ६०० वर नेला तर हातालाही दुप्पट, सेकंदाला एक इंच सरकवावं लागेल. पाय ६०० ने पळतोय आणि हात मात्र सेकंदाला ५ मिलिमीटरच सरकतोय, असं झालं तर टाका अर्ध्या मिलिमीटरचा पडेल आणि दोरा एकाच जागी गाठोड्यासारखा साचेल. उलट हात ५० मिलिमीटरने पळाला तर टाका ५ मिलिमीटरचा, जो पहिल्याच धुण्यात कशात तरी अडकून ओढला जाईल.

शिकताना नेमकं हेच चुकतं. वळण आलं की हात भीतीने मंदावतो, पाय मात्र त्याच वेगाने मारत राहतो, म्हणून वळणावर टाके दाटतात. सरळ पट्टा आला की हाताला धीर येतो, तो पळतो आणि टाके लांबतात. उपाय एकच: पायाचा वेग आधी पक्का करायचा. दोरा न घालता, सुईखाली रद्दीतला कागद धरून, पाच मिनिटं फक्त एका लयीत मशीन चालवा आणि आवाज ऐका. आवाज एकसारखा झाला की मग हात त्या आवाजाला जुळवायचा. कागदावर पडलेली भोकं हा तुमचा पहिला निकाल. ती समान अंतरावर पडेपर्यंत कापड हातात घेऊ नका. काकी म्हणायच्या, “हात पळवू नगं बाई. पाय जेवढा चालतोय तेवढाच हात.”

माझं मशीन जुनं, काळं, बिडाचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या आंबोळीच्या तव्याचंच. आजकालची हलकी प्लॅस्टिक अंगाची मशीन दिसायला सुबक असतात, टाक्यांचे प्रकारही भरपूर देतात. पण मोकळ्या टिपेसाठी माझं मत बिडाच्या बाजूने आहे आणि त्याला फौंड्रीतलं कारण आहे. बिडामध्ये कार्बनचे बारीक पापुद्रे, ग्रॅफाइटचे, सगळीकडे विखुरलेले असतात. हादरा आला की तो या पापुद्र्यांत जिरतो. लेथचा बेड बिडाचा ओततात तो याच कारणासाठी. दहा किलोच्या वर वजनाचं डोकं टेबलात बसलेलं असलं की भरभर हात फिरवतानाही सुईचं टोक थरथरत नाही. ज्यांच्याकडे हलकं मशीन आहे त्यांनी खाली रबराची जाड चटई घालावी. बराच फरक पडतो.

जुन्या मशीनला तेल मात्र शिलाई मशीनचंच घाला. खोबरेल घालणारी घरं मी पाहिली आहेत. ते थंडीत थिजतं, नंतर चिकट होऊन बसतं आणि मशीन जड पळतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. नदीकाठच्या घरांत अशी कितीतरी मशीन चिखलात बुडाली. बिडाचं मशीन त्यातूनही उठतं. गाळ धुऊन काढायचा, पाणी पूर्ण वाळवायचं, प्रत्येक सांध्यात रॉकेल सोडून गंज सैल करायचा, चाक हाताने पुढेमागे हलवत राहायचं आणि मोकळं झालं की सगळीकडे तेल. लाकडी टेबल फुगून वाया जातं, डोकं वाचतं.

दाते खाली घ्यायची सोय प्रत्येक मशीनला वेगळी असते. काहींना बाजूला कळ असते. काही जुन्या मशीनला पाटाखाली स्क्रू असतो, तो सैल करून दात्यांची पट्टी उतरवता येते. काहींसोबत दात्यांवर बसवायची पत्र्याची पट्टी मिळते. यातलं काहीच नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवा. दाते जागच्या जागी वरखाली करतील, पण कापड ओढणार नाहीत, काम चालून जाईल.

पायाचं मात्र चालवून घेऊ नका. इथे टाका बनतो कसा ते समजून घेतलं पाहिजे, कारण निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच आहे. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते आणि अगदी तळाशी जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते. त्या क्षणी सुईच्या मागे दोऱ्याचा छोटासा फुगवटा तयार होतो. शटलचं टोक त्या फुगवट्यात शिरतं, तो बॉबिनभोवती फिरवून आणतं आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो. एलायस हॉव यांच्या १८४६ च्या पेटंटपासून बंद टाक्याचं मूळ गणित हेच आहे. आता कापड जर सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं गेलं, तर फुगवटा बनतच नाही, शटलचं टोक रिकामं जातं आणि टाका सुटतो. भरतकामात कापड रिंगमध्ये तबल्यासारखं ताणलेलं असतं म्हणून ते उचललं जात नाही, तिथे पायाशिवाय भागतं. तीन थरांची वाकळ रिंगमध्ये बसत नाही. त्यासाठी रफूचा पाय, ज्याला दुकानात डार्निंग फूट म्हणतात, तो लावायचा. त्याला स्प्रिंग असते. सुई खाली गेली की तो कापड दाबतो, सुई वर आली की स्वतः उचलला जाऊन कापड मोकळं सोडतो. शिवाय बोटं सुईपासून चार हात लांब राहतात. मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात तो सहज मिळतो. जाताना मशीनचा जुना पाय बरोबर न्या, म्हणजे मापाचा घोटाळा होत नाही.

आणखी एक चूक, जी मी केली, काकींनी तरुणपणी केली आणि तुम्हीही करणार आहात. दाते खाली आहेत, पाय कापडाला नीट टेकतही नाही, म्हणून पाय खाली पाडायची मागची कळ पाडायचीच राहते. दोन मिनिटांनी कापड उलटून बघावं तर खाली दोऱ्याचं जाळं. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात, बॉबिन केसचा बारका स्क्रू फिरवत बसतात आणि तोही बिघडवतात. खरं कारण वर असतं. ती कळ वर असली की वरचा दोरा ज्या दोन चकत्यांमधून येतो त्या उघड्या राहतात, दोऱ्याला ताणच मिळत नाही, तो भसाभस खाली जातो. कळ पाडा, चकत्या मिटतात, जाळं थांबतं. पहिल्या आठवड्यात बॉबिन केसच्या स्क्रूला हातसुद्धा लावू नका.

सुई १४ नंबरची घ्या, थर जाड असतील तर १६ ची. सुई कापडात असताना हाताला हिसका बसला की ती वाकते, पट्टीवर आपटते आणि मोडते. पहिल्या आठ दिवसांत मी पाच सुया मोडल्या. मोडलेल्या सुईपेक्षा वाईट असतो पट्टीच्या भोकाला पडलेला ओरखडा. नंतर नवी सुई घातली तरी दोरा कुठल्याशा अदृश्य धारेवर तुटत राहतो. शिरोलीत याला बर म्हणतात आणि तो काढायचा कसा हे पोरासोरांना माहीत असतं: अगदी बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून भोकातून हळू फिरवायची, मग दोरा घासून खात्री करायची.

हात घसरू नये म्हणून परदेशातल्या बायका या कामासाठी खास हातमोजे विकत घेतात. एमआयडीसीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे टांगलेले असतात, कास्टिंग उचलायला कामगार वापरतात ते. लहान मापाचा जोड मागून घ्या. तळव्यावरचे ठिपके कापड घट्ट पकडतात, त्यामुळे दाबून धरावं लागत नाही आणि खांदे दुखत नाहीत.

आता शिकायचं काय शिवत? बहुतेक पुस्तकं नागमोडी रेषेपासून सुरुवात करतात, स्वतःला कुठेही न छेदणारी. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना आधी ‘ळ’ काढायला सांगते. शिरोरेषा नको, नुसता ळ. डावीकडचा गोल, मधली वळणाची गाठ, उजवीकडचा गोल, आणि न थांबता पुढच्या ळ मध्ये शिरायचं. ळळळळ अशी ओळभर. या एका अक्षरात डावं वळण आहे, उजवं वळण आहे आणि रेषा ओलांडायची जागाही आहे. शिवाय हाताला ते लहानपणापासून पाठ आहे. मोकळ्या टिपेत कागद स्थिर आणि पेन हलतं असं नसतं. पेन स्थिर असतं आणि कागद हलवावा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येकीचा ळ उलटासुलटा होतो. उजवीकडे गोल हवा तर कापड डावीकडे न्यायचं, हे मेंदूला पटायला वेळ लागतो. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी हात हिशेब करणं सोडतो आणि अक्षर आपोआप सुटायला लागतं. ओळभर ळ एकसारखे आले की त्यांची सुंदर साखळी दिसते. दुपट्याच्या काठाला तीच नक्षी पुरते.

त्याच्या पुढची पायरी मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी कारभाराची ही रोजची लिपी होती. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं लिहीत जायची, अशी तिची रीत. दोरा न तोडता पुढे जाणं हीच मोकळ्या टिपेची गरज. बाळबोध देवनागरीत दर अक्षराला हात उचलावा लागतो, मोडीत अक्षरातून अक्षर निघतं. एका मुलीने मोडीची ओळख वर्गात करून घेतली होती. तिने आपल्या आजोळच्या गावाचं नाव वाकळेच्या चारी काठांवर सलग, एकदाही दोरा न तोडता फिरवलं. वाचता न येणाऱ्याला ती वेलबुट्टीच वाटते. इंग्रजी वहीतल्या पिसांच्या आणि शंखांच्या नक्ष्या काढण्याआधी आपल्याकडे हा खजिना आहे, तो वापरा असं मी आग्रहाने सांगेन.

कापडासाठी लांब जायला नको. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०६ साली सूतगिरणी आणि कापड गिरणी काढली. या पट्ट्यात सुती कापडाची कमतरता कधी नव्हती. शिरोलीहून थोड्या अंतरावर गांधीनगरची कपड्यांची घाऊक बाजारपेठ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे वळिवडे छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि त्यांनी ही पेठ उभी केली. मी स्वतः मात्र नवं कापड कमीच घेते. वरच्या थराला घरातली सुती साडी, मध्ये जुनी चादर किंवा फलालीन, खाली अस्तराला मऊ पातळ. तिन्ही आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाही तर शिवल्यावर एक थर आटतो आणि दुसरा फुगतो. आजीसारखे सहा-सात थर मशीनवर घेऊ नका. पाय उचलला जात नाही आणि सुई जाते. सिल्क आणि पॉलिस्टर सुरुवातीला टाळा. थरांवर थर घसरतात.

तीन थर एकमेकांवर ताणून घातले की दर चार बोटांवर सेफ्टी पिन लावायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि इथेच वाकळेचं बरंवाईट ठरतं. पिना विरळ लावल्या तर खालच्या बाजूला चुण्या शिवल्या जातात आणि त्या उसवण्यात दोन दुपारी जातात.

आजी काठापासून आत यायची, मशीनवर उलट करावं लागतं, मध्यापासून बाहेर. जमिनीवर ताणलेल्या वाकळेत थर जागेवर दाबलेले असतात, म्हणून कुठूनही सुरुवात चालते. मशीनवर हात कापड सतत पुढे ढकलत असतात, थरांमधली ढिलाई टिपेच्या पुढे पुढे सरकते. तिला काठाकडे वाट मिळाली पाहिजे, मध्ये कोंडली तर तिथे फुगा येतो. घरगुती मशीनच्या गळ्यात, म्हणजे सुई आणि उजवीकडच्या खांबाच्या मधे, सहा-सात इंचच जागा असते. मोठी वाकळ दोन्ही बाजूंनी गुंडाळून त्या जागेत घालावी लागते आणि बाहेरचं वजन टेबलावर, खुर्चीवर टेकवावं लागतं. लोंबतं वजन हात ओढून नेतं, टाके बिघडतात. म्हणून पहिलं काम लहान घ्या. देवघरापुढचं बसकर, मग बाळाचं दुपटं, वाकळ त्यानंतर.

टिपा किती दाट घालायच्या? इथे माझं मत ठाम आहे. नवीन शिकलेल्या हाताला रिकामी जागा बघवत नाही, तो भरत सुटतो. बोटभर जागेत चार-चार ओळी भरलेली वाकळ भिंतीवर छान दिसते, अंगावर मात्र पुठ्ठ्यासारखी उभी राहते. पांघरायच्या वाकळेत दोन टिपांत दोन बोटं अंतर ठेवा. ती अंगाला बिलगली पाहिजे.

टिकाऊपणाची परीक्षा कोल्हापूर भागात दरवर्षी ठरलेली आहे. घटस्थापनेच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या वाकळा धुवायला निघतात. पंचगंगेच्या घाटावर, कॅनॉलवर, विहिरीवर त्या भिजवून, दगडावर आपटून, दोघी-दोघींनी पिळून वाळत घालतात. पाण्याने जड झालेली वाकळ पिळताना प्रत्येक टाक्यावर ताण येतो. लांब टाके तिथे तुटतात, दाटून साचलेल्या जागी कापडच फाटतं, अडीच-तीन मिलिमीटरचे टाके तरतात. मी दर वर्षी धुतल्यावर माझ्या वाकळा उन्हात धरून बघते आणि कुठे काय चुकलं ते वहीत टिपून ठेवते.

हाताने की मशीनने, हा वाद बाहेरही झाला आहे. अमेरिकेत पडूका इथल्या मोठ्या गोधडी प्रदर्शनात १९८९ साली करिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या गोधडीला सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर टीप घातलेल्या गोधडीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता आणि हातटाक्याचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यावर बरीच नाराजी व्यक्त केली. इकडे आपल्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका आजही हातानेच कवंद शिवतात. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोली कोकणी, आणि गोधडीची रीत मात्र आजीच्या वाकळेशी नातं सांगणारी: काठापासून आत येत जाणारा धावदोरा, शेवटी कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुलं. ती फुलं लावल्याशिवाय कवंद पुरं झालं असं त्या मानत नाहीत. हातटाक्याची ऊब मशीनला येणार नाही, हे मी मान्य करते. पण सहा महिने दुपारी मोकळ्या असणाऱ्या बायका आता कुठे आहेत? आमच्या गल्लीतल्या निम्म्या जणी पाळीला जातात. त्यांना रविवारच्या तीन तासांत वाकळ पुढे सरकवायची आहे, आणि मशीनवर ती सरकते.

एक काम मात्र विसरू नका. आजीच्या तीन वाकळा माझ्याकडे आहेत. त्यातली कुठली तिने एकटीने घातली, कुठलीवर शेजारणींचे हात आहेत, कुठल्या साली, काहीच लिहिलेलं नाही, आणि सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. तुमची पहिली वाकळ पुरी झाली की शेवटचा दोरा तोडण्याआधी खालच्या कोपऱ्यात या, आणि त्याच मोकळ्या टिपेने तिथे तुमचं नाव, गाव आणि साल लिहा.